रात्री दोन वाजता आलेले मित्र

दिवस पहिला : बाड गोडेसबर्ग

ऱ्हाईन इथे फार रुंद नाही. पलीकडच्या काठावरून गाड्या आणि माणसं घेऊन निघालेली फेरी पाचेक मिनिटांत गोडेसबर्गला लागते. मी आणि दादा कठड्याला टेकून उभे होतो. मागे वळून पाहिलं की दाट झाडीच्या डोंगरमाथ्यावर पीटर्सबर्ग हॉटेल दिसत होतं आणि समोर, अगदी पाण्यालगत, पांढरंशुभ्र ड्रेसेन हॉटेल. २२ सप्टेंबर १९३८ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन डोंगरावरच्या हॉटेलात उतरले होते, हिटलर खालच्या. भेटीसाठी चेंबरलेन नदी ओलांडून या काठाला आले. दुसऱ्या दिवशी तर रात्रीपर्यंत भेट झालीच नाही. या काठावरून त्या काठावर नुसती पत्रं जात-येत राहिली.

दादाची उभी हयात तोफखान्यात गेली. लढाई म्हटलं की तो उंचवटे, पल्ले, रस्ते बघतो. मला लढाईतलं फारसं कळत नाही. माझा जीव अडकतो तो लढाईच्या आधीच्या आठवड्यांत, जेव्हा अजून एकही गोळी सुटलेली नसते आणि एकाच बाजूची माणसं आपापसात बोलत असतात. मित्र मित्राला काय सांगतो, कुठल्या शब्दांत सांगतो, कधी गप्प बसतो. १९३८ च्या सप्टेंबरात चेकोस्लोव्हाकियावर जे दडपण आलं, त्यातलं शत्रूकडून आलेलं सगळ्यांना ठाऊक आहे. मित्रांकडून आलेलं त्याहून जड होतं, असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय. ते जिथे जिथे घडलं त्या जागा एकदा पायाखालून घालायच्या, एवढ्यासाठी ही सहल.

फेरीतून उतरून नदीकाठच्या बाकावर बसलो आणि दादाने विचारलं, "नक्की कोणाचा कोणाशी करार होता, ते एकदा नीट सांग." तेव्हा वहीच्या पानावर काढून दाखवलं. चेकोस्लोव्हाकिया आणि फ्रान्स : १९२४ चा मैत्रीचा करार, त्यावर १९२५ मध्ये लोकार्नोच्या परिषदेच्या वेळी परस्परांना मदतीची हमी. चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ : १९३५ चा करार, पण त्यात अट अशी की फ्रान्स आधी मदतीला धावला तरच मॉस्को धावणार. ब्रिटन आणि चेकोस्लोव्हाकिया : काहीच नाही. आणि फ्रान्सची तर ब्रिटनशिवाय जर्मनीशी भिडायची तयारी नव्हती. म्हणजे प्रागची नजर पॅरिसकडे, मॉस्कोचीही पॅरिसकडे आणि पॅरिसची लंडनकडे. ज्याने कोणालाच शब्द दिलेला नव्हता, त्याच्याच हातात सगळ्या दोऱ्या जाऊन बसल्या होत्या.

दादा बराच वेळ त्या बाणांकडे बघत होता. "यात मधली एक कडी तुटली की सगळंच सुटतं," तो म्हणाला.

गोडेसबर्गला चेंबरलेन हात हलवत आले नव्हते. आठवडाभर आधी, १५ सप्टेंबरला, ते बेर्श्टेसगाडेनला हिटलरला भेटले होते आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवरचा जर्मन वस्तीचा सुडेटेन प्रदेश हवा ही त्याची मागणी ऐकून परतले होते. मधल्या सहा-सात दिवसांत त्यांनी आपलं मंत्रिमंडळ वळवलं, फ्रेंचांना वळवलं, आणि मग दोघांनी मिळून प्रागला वळवलं. हे सगळं गाठोडं घेऊन ते ड्रेसेन हॉटेलात बसले, तर हिटलर म्हणाला की माफ करा, आता तेवढ्याने भागणार नाही. आता त्याला प्रदेश ताबडतोब हवा होता, सैन्य घुसवून, नकाशावर त्याने आखलेल्या रेघेपर्यंत. तारीख त्याने १ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली आणि ती सवलत म्हणून देऊ केली.

हॉटेल आजही चालू आहे. गच्चीवर लोक निवांत कॉफी पीत बसले होते. आम्हीही बसलो, पण बोलणं झालं नाही.

दिवस दुसरा : रेल्वेत

बॉनहून प्रागला पोचायला दिवस गेला. ड्रेस्डेन सोडलं की गाडी एल्ब नदीचा हात धरून चालते. दोन्ही अंगांना वालुकाश्माचे उभे कडे, खाली नदी. सीमा ओलांडली कधी ते कळतसुद्धा नाही. स्टेशनांच्या पाट्या बदलतात आणि एल्बची लाबे होते. मग द्येचीन येतं, नदीवरच्या खडकावर वाडा घेऊन बसलेलं.

हाच तो सुडेटेनचा भाग. चेकोस्लोव्हाकियात तीसेक लाख जर्मन राहत होते, बरेचसे या सीमेच्या पट्ट्यात. नव्या राज्यात आपण दुय्यम झालो ही त्यांची तक्रार सगळी खोटी नव्हती. मंदीत त्यांच्या कारखान्यांना जबर फटका बसला होता. कोनराड हेनलाईनच्या पक्षाने त्या तक्रारीवर स्वार होऊन एप्रिल १९३८ मध्ये कार्ल्सबादला आठ मागण्या मांडल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला अध्यक्ष एडवर्ड बेनेश यांनी त्यातल्या जवळपास सगळ्या कबूल केल्या, तेव्हा हेनलाईनच्या लोकांचीच पंचाईत झाली. कारण मागण्या मान्य व्हाव्यात हा हेतू नव्हताच. आणि महायुद्ध संपल्यावर याच पट्ट्यातून जवळजवळ सगळ्या जर्मनांना घरंदारं सोडून हाकलण्यात आलं. खिडकीतून दिसणाऱ्या जुन्या घरांमधून किती पिढ्या अशा उठल्या असतील, याचा विचार करत संध्याकाळ झाली.

दिवस तिसरा : प्राग, अल्क्रॉन ते किल्ला

सकाळी वेन्सेस्लास चौकाजवळच्या श्तेपान्स्का रस्त्यावर अल्क्रॉन हॉटेल बघायला गेलो. ३ ऑगस्ट १९३८ ला लॉर्ड रन्सिमन इथे उतरले. ब्रिटिश सरकारने जाहीर केलं होतं की हे गृहस्थ स्वतंत्र मध्यस्थ आहेत, सरकारचे प्रतिनिधी नाहीत. प्रागने त्यांना बोलावलेलं नव्हतं. नको म्हणायची सोय नव्हती म्हणून स्वागत केलं. मित्राच्या घरात 'मी आपला नुसता बघायला आलोय' म्हणून शिरायचं आणि मग घरातल्या भांडणाचा निवाडा करायचा, हा प्रकार मला फार खटकतो. शनिवार-रविवार ते जर्मन सरदारांच्या वाड्यांवर पाहुणचार घेत. सहा आठवड्यांनी परत गेले ते सुडेटेन प्रदेश तोडून द्यावा असं मत घेऊनच.

दुपार मोकळी ठेवली होती. खरं काम रात्रीचं होतं.

१८ सप्टेंबरला फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए आणि परराष्ट्रमंत्री बॉने लंडनला गेले. ही बैठक काही एकमताची नव्हती. दलादिए यांनी स्पष्ट म्हटलं की हिटलरला सुडेटेनवर थांबायचं नाही, त्याची नजर त्याच्याही पलीकडे आहे. पण शेवटी त्यांनीही मान तुकवली. निम्म्याहून जास्त जर्मन वस्ती असलेले भाग जर्मनीला द्यायचे, असा दोघांचा मिळून प्रस्ताव तयार झाला. १९ तारखेला तो प्रागच्या हाती पडला. ज्या देशाचे लचके तोडायचे त्या देशाचा माणूस त्या बैठकीत नव्हता. प्रागने २० तारखेच्या संध्याकाळी नकार कळवला, आणि जर्मनीशी १९२५ मध्ये लवादाचा करार झालेला आहे, त्याप्रमाणे निवाडा करू, असं सुचवलं. कायद्याला धरून, शांत शब्दांत दिलेलं उत्तर होतं ते.

त्याच रात्री, २१ तारखेच्या पहाटे दोन वाजता, ब्रिटनचे वकील, म्हणजे तिथले राजदूत, बेसिल न्यूटन आणि फ्रान्सचे वकील व्हिक्टर द लाक्रोआ किल्ल्यात बेनेश यांच्याकडे गेले. अध्यक्षांना झोपेतून उठवण्यात आलं.

आम्ही रात्री नऊनंतर निघालो. फ्रेंच वकिलात नदीजवळच्या ब्युक्वा प्रासादात आहे, तेव्हाही तिथेच होती. समोरच्या भिंतीवर जॉन लेननच्या आठवणीत रंगांचे थर चढलेत आणि तिथे दिवसभर फोटोंसाठी झुंबड असते. पाठीमागची इमारत कोणाची हे कोणी विचारत नाही. तिथून माला स्ट्रानाच्या चौकातून पुढे गेलं की तुनोव्स्का नावाची चिंचोळी गल्ली लागते. तिच्या टोकाला, कमानीआड, ब्रिटिश वकिलात. दोन्ही वकिलाती चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि दोन्ही किल्ल्याच्या पायथ्याशी. गल्लीच्या शेवटी दगडी पायऱ्या सुरू होतात त्या थेट किल्ल्याच्या चौकात नेतात.

ते दोघे अर्थातच मोटारीने गेले असणार. आम्ही पायऱ्या चढलो. पायऱ्या रुंद, उथळ, मधोमध झिजलेल्या. दिव्यांचा पिवळा उजेड ओल्या दगडावर पडला होता. दादा मधेच थांबला, गुडघा दाबला आणि म्हणाला, "वर जाऊन त्यांनी नेमकं सांगितलं काय?"

त्यांनी सांगितलं ते असं. प्रस्ताव बिनशर्त मान्य करा. नाही केलात तर होणाऱ्या युद्धाचा दोष तुमच्या माथी येईल. फ्रान्स त्या युद्धात उतरणार नाही, ब्रिटनही नाही. उत्तर लगेच हवं. कारण चेंबरलेन यांना हिटलरच्या दुसऱ्या भेटीला जायचं होतं आणि रिकाम्या हाताने जाता येत नव्हतं.

बेनेश यांनी लाक्रोआंना सांगितलं की हे लेखी द्या. मला या सगळ्या प्रकरणात ही मागणी फार मोठी वाटते. चौदा वर्षांच्या कराराखाली फ्रान्सची सही होती, तेव्हा तो मोडतानाही सही असायला हवी.

यात आणखी एक गुंता आहे. न्यूटन यांनी लंडनला आधीच कळवून ठेवलं होतं की निर्वाणीच्या भाषेत बोललं तर बेनेश नमतील. आणि लाक्रोआ यांनी त्या रात्री पॅरिसला कळवलं की चेकोस्लोव्हाकियाचे पंतप्रधान होजा यांनीच आपल्याला बोलावून, फ्रान्स लढणार नसेल तर तसं साफ सांगा, म्हणजे लोकांपुढे माघारीला कारण देता येईल, असं म्हटलं. या तारेचा आधार घेऊन बॉने पुढे सांगत राहिले की प्रागलाच तसं हवं होतं. इतिहासकार त्यावर अजून भांडतात. मला विचाराल तर होजा तसं बोलले असले तरी फ्रान्सचा भार हलका होत नाही. आधार मिळणार नाही हे कळून चुकलेला माणूस निदान तोंडावर सांगा म्हणतो, तेवढ्याने आधार काढून घेणाऱ्याची सुटका कशी होईल?

पायऱ्या संपल्या. वरच्या चौकात तोमाश मासारिक यांचा उंच पुतळा एकटा उभा होता. देशाचे हे पहिले अध्यक्ष आदल्याच वर्षी, १९३७ च्या सप्टेंबरात वारले होते. किल्ल्याच्या फाटकावर पहारेकरी. अध्यक्षांच्या ध्वजावरचं बोधवाक्य 'सत्याचा विजय होतो' असं आहे. आम्ही दोघं बराच वेळ फाटकासमोर उभे होतो. खाली शहरभर दिवे.

मंत्रिमंडळ त्या पहाटे बसलं ते दिवसभर. संध्याकाळी पाचच्या सुमारास होकार गेला. परिस्थितीने आणि फ्रेंच-ब्रिटिश सरकारांच्या अतिरेकी आग्रहाने भाग पाडलं म्हणून आम्ही दुःखाने मान्यता देतो, असा मजकूर होता. लोकांना कळताच रस्ते भरून गेले. दुसऱ्या दिवशी होजांचं सरकार गेलं आणि पहिल्या महायुद्धात एक डोळा गमावलेले जनरल यान सिरोवी पंतप्रधान झाले.

दिवस चौथा : दोब्रोशोवचा किल्ला

प्रागहून बसने नाखोद, अडीच-तीन तास. गावाबाहेर टेकडीवर दोब्रोशोव. हा दिवस दादाचा.

किल्ला म्हटल्यावर डोळ्यांपुढे तट-बुरूज येतात. इथे वर दिसतं ते गवतातून डोकं काढलेलं राखाडी काँक्रीट, तोफा-मशीनगनच्या भोकांसह. बाकीचं सगळं जमिनीखाली : खडकात खोदलेले बोगदे, दारूगोळ्याच्या कोठ्या, शिपायांच्या झोपण्याच्या जागा. काम १९३७ मध्ये सुरू झालं आणि पुरं होण्याआधीच थांबलं. आत गारठा, भिंतींना ओल. वाटाड्या चेक भाषेत बोलत होता आणि आमच्या हातात छापील माहिती होती, पण दादाला तिची गरज पडली नाही. एका भोकापाशी त्याने वाकून बाहेर बघितलं, मग हात आत घालून भिंतीची जाडी अजमावली. हात खांद्यापर्यंत गेला तरी पलीकडची कड लागेना.

"चांगलं बांधलंय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून बांधकामाची एवढी स्तुती मी पूर्वी ऐकली नव्हती.

हे बांधायला शिकवलं कोणी? फ्रेंचांनी. फ्रान्सच्या सीमेवरच्या मॅजिनो तटबंदीचा अनुभव घेऊन चेक अधिकारी आले, फ्रेंच जाणकारांनी सल्ला दिला. १९३५ पासून सीमेवर दोनशेहून अधिक जड बुरूज आणि सुमारे दहा हजार छोटे बंकर उभे राहिले. छोट्या बंकरांना लोक अजून 'र्झोपीक' म्हणतात. तटबंदीच्या कामासाठी नेमलेल्या खात्याच्या आद्याक्षरांवरून पडलेलं लाडकं नाव. येताना शेतांच्या बांधावर, झुडपांत असे कितीतरी दिसले. शिवाय तीन लोखंडी तुळया एकमेकींत अडकवून केलेले रणगाड्यांचे अडसर, ते इथलेच. जर्मनांनी पुढे ते उचलून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लावले.

२३ सप्टेंबरच्या रात्री रेडिओवरून सैन्यभरतीचा हुकूम सुटला. तोवर ब्रिटन आणि फ्रान्सचा सल्ला होता की जमवाजमव करू नका, हिटलर चिडेल. गोडेसबर्गच्या वाटाघाटी फिसकटायला लागल्या तेव्हा त्यांनी कळवलं की यापुढे असा सल्ला देण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. लढा असं कोणी म्हटलं नाही, थांबा असं म्हणायचं फक्त सोडलं. तेवढ्यावर दहा लाखांहून जास्त माणसं घरातून निघाली. रात्रीच्या रात्री, मिळेल त्या गाडीने, ठरलेल्या ठिकाणी. त्यातली कितीतरी या असल्या ओल्या भिंतींमागे येऊन बसली असतील.

दलादिए आणि बॉने २५ तारखेला पुन्हा लंडनला आले, तेव्हा ब्रिटिश मंत्री त्यांना एखाद्या आरोपीसारखे प्रश्न विचारत होते : तुम्ही लढणार म्हणजे नेमकं काय करणार? फ्रेंच हवाई दलाचे प्रमुख जनरल व्हिय्यमँ ऑगस्टमध्ये जर्मनीचा पाहुणचार घेऊन आले होते आणि तिथली विमानं बघून हादरले होते, हे लंडनला माहीत होतं. इकडे ब्रिटिश मंत्रिमंडळही दुभंगलं होतं. परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांनी एका रात्रीत मत बदललं आणि गोडेसबर्गच्या अटी मान्य करायला नको म्हणाले. कॅनडा, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांना या भांडणात पडायचं नव्हतं. २६ तारखेला लंडनहून निवेदन निघालं की फ्रान्सला लढावं लागलं तर ब्रिटन आणि रशिया त्याच्या बाजूला उभे राहतील; आणि २७ ला चेंबरलेन रेडिओवर म्हणाले की कुठल्याशा दूरच्या देशात, ज्यांच्याबद्दल आपल्याला काही माहीत नाही अशा लोकांच्या भांडणापायी आपण इथे खंदक खणावेत, हे किती भयंकर आहे. एका दिवसाच्या अंतराने ही दोन बोलणी. बंकरमध्ये बसलेल्या शिपायाने यातलं कुठलं खरं मानायचं?

जनरल लुई-उजेन फोशे यांची गोष्ट मी दादाला इथेच सांगितली. १९२६ पासून ते प्रागमधल्या फ्रेंच लष्करी पथकाचे प्रमुख होते. या सैन्याला त्यांनीच हाताखाली घडवलं होतं. आपलं सरकार शब्दाला जागत नाही हे बघितल्यावर त्यांनी फ्रेंच सेवा सोडली आणि चेकोस्लोव्हाक सैन्यात मला घ्या म्हणून स्वतःला पुढे केलं. दादा काहीच बोलला नाही. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उन्हात उभं राहून त्याने त्यांचं नाव पुन्हा विचारलं, आणि माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं.

दिवस पाचवा : चेर्नीन प्रासाद, आणि पश्चिमेची गाडी

सकाळी चेर्नीन प्रासाद. परराष्ट्र खात्याची इमारत, लांबच लांब, एकाशेजारी एक अर्धस्तंभांची रांग असलेली. ३० सप्टेंबरच्या दुपारी परराष्ट्रमंत्री क्रोफ्टा यांनी इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीच्या वकिलांना बोलावून आदल्या रात्री म्युनिकला जर्मनी, ब्रिटन, इटली आणि फ्रान्स या चौघांनी केलेला, सुडेटेन जर्मनीला देण्याचा निर्णय आपण स्वीकारत असल्याचं सांगितलं. आमच्याशिवाय आणि आमच्याविरुद्ध ठरलेल्या अटी, असे त्यांचे शब्द होते. यातून तुमच्या देशांचं भलं होईल की नाही ते सांगता येत नाही, पण आम्ही शेवटचे नाही, आमच्यानंतर इतरांची पाळी आहे, असंही ते म्हणाले.

त्याच दिवशी पोलंडने सीमेवरच्या टेशिनच्या भागासाठी निर्वाणीचं पत्र धाडलं आणि २ ऑक्टोबरला सैन्य आत घातलं. पोलंडचाही फ्रान्सशी करार होता, १९२१ पासूनचा. एकाच मित्राचे दोन मित्र, आणि एकाची बोट बुडताना दुसऱ्याने वल्हं पळवलं. १९१९ मध्ये या भागासाठी दोघांची लढाई झाली होती, तिचा डंख पोलंडच्या मनात होता, हे खरं. तरीही वर्षभराने पोलंडवर पाळी आली तेव्हा दक्षिणेची सीमाही उघडी पडलेली होती.

दुपारची म्युनिकची गाडी पिल्झनवरून जाते. इथला श्कोडाचा कारखाना तोफा आणि रणगाडे बनवायचा. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य उरलेल्या देशातही शिरलं आणि सगळा शस्त्रसाठा त्याच्या हाती पडला. १९४० च्या मे महिन्यात फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मन तुकड्यांत चेक बनावटीचे रणगाडे होते. जर्मन सेनानी रोमेलच्या सातव्या पॅन्झर (रणगाड्यांच्या) डिव्हिजनमध्ये तर ढिगाने. हे सांगितलं तेव्हा दादाने डोळे मिटून घेतले. झोप लागली असं वाटलं, पण नाही. "प्राग सोडलं तेव्हा पॅरिसला हा हिशेब मांडता आला नसेल?" तो म्हणाला. मांडणारे होते. फ्रेंच मंत्रिमंडळात मांदेल होते, रेनो होते. त्यांचं चाललं नाही.

दिवस सहावा : म्युनिक

आर्किसश्ट्रासवरची १२ क्रमांकाची इमारत. नाझींनी बांधलेली, तेव्हाचं नाव फ्युररबाऊ. आता इथे संगीत आणि नाट्याचं विद्यालय आहे. दारातून आत गेलं की संगमरवरी जिना समोर येतो, भल्यामोठ्या रिकाम्या चौकात. आम्ही गेलो तेव्हा दोन मुली चेलोच्या पेट्या पाठीवर घेऊन तो जिना उतरत होत्या. वरच्या मजल्यावर १०५ क्रमांकाची खोली. हिटलरचं दालन. करारावर सह्या झाल्या त्या इथे, ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कागदावर तारीख २९. हिटलर, चेंबरलेन, मुसोलिनी, दलादिए. दार बंद होतं. आतून पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती. कोणीतरी चुकत होतं आणि परत सुरुवातीपासून घेत होतं.

ज्यांचा देश होता ते या दारापर्यंतसुद्धा त्या संध्याकाळी आले नव्हते. प्रागहून दोन माणसं आली होती : बर्लिनमधले वकील व्होइटेख मास्त्नी आणि परराष्ट्र खात्यातले हुबेर्ट मासार्झिक. विमानतळावर त्यांना पोलिसांच्या गाडीत घालून मॅक्सिमिलिअन चौकातल्या रेगिना हॉटेलात नेलं. ब्रिटिश शिष्टमंडळही तिथेच होतं. खोलीतून बाहेर पडायची मुभा नव्हती, कुठे फोन लागत नव्हता. रात्री दहाच्या सुमारास चेंबरलेन यांचे सल्लागार होरेस विल्सन यांनी ठरलेल्याचा सारांश सांगितला आणि एक नकाशा हातात ठेवला. दोघं तक्रार करू लागले तेव्हा ब्रिटिश अधिकारी अ‍ॅश्टन-ग्वॉटकिन म्हणाले की मान्य केलं नाहीत तर जर्मनांशी तुमचं तुम्हालाच एकट्याने निस्तरावं लागेल. फ्रेंच कदाचित हेच गोड शब्दांत सांगतील, पण त्यांचंही मत आमच्यासारखंच आहे.

आम्ही चालत मॅक्सिमिलिअन चौकात गेलो. त्या नावाचं हॉटेल आज तिथे नाही. चौकात मोठी झाडं आहेत, मधून ट्राम-मोटारींचा आवाज येतो. एका बाकावर बसून मी दादाला मासार्झिक यांच्या अहवालातला शेवटचा भाग वाचून दाखवला. परतल्यावर त्यांनी तो सरकारसाठी लिहिला, म्हणून ती रात्र आज आपल्याला दिसते.

दीडच्या पुढे त्यांना चेंबरलेन आणि दलादिए यांच्यासमोर नेण्यात आलं. चेंबरलेन यांनी प्रस्तावनेदाखल थोडं बोलून कराराची प्रत मास्त्नींकडे दिली. मास्त्नी वाचत गेले, मधे मधे शंका विचारत गेले. चेंबरलेन जांभया देत होते, एकामागून एक, आणि त्या लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मासार्झिक यांनी दलादिए आणि फ्रेंच परराष्ट्र खात्याचे सचिव लेजे यांना विचारलं की आमच्या सरकारकडून उत्तराची अपेक्षा आहे का. दलादिए अवघडले होते, बोलले नाहीत. लेजे म्हणाले की चौघांकडे आता फार वेळ नाही, उत्तराची गरजही नाही, ही योजना मान्य झाली असंच आम्ही धरतो. हे लेजे कवी होते, वेगळ्या नावाने लिहायचे. १९६० चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं.

"उत्तराची गरज नाही," दादाने ते वाक्य हळूच पुन्हा म्हटलं.

उजाडता उजाडता दोघांना विमानात बसवून प्रागला पाठवलं. बरोबर कराराची प्रत, नकाशा आणि सोबतीला अ‍ॅश्टन-ग्वॉटकिन. आदल्या दिवशी चेकोस्लोव्हाकियाचे सेनापती बेनेश यांना भेटून, आपण एकट्याने का होईना पण लढू या, असं सांगून आले होते. बेनेश नाही म्हणाले होते. विमान उतरलं तेव्हा त्यांचे शिपाई सीमेवर, बंकरांमध्येच होते, आणि तो प्रदेश सोडायला सुरुवात करायची वेळ चोवीस तासांहून कमी अंतरावर होती.

दादाने माझ्याकडून वही मागून घेतली. पहिल्या दिवशी काढलेले ते बाण त्याने पुन्हा बघितले, पानं उलटून फोशे यांचं नाव बघितलं, आणि वही मिटून माझ्या हातात दिली. मग आम्ही उठलो.